भर दुपारचा काळा पडदा

चित्र, डावीकडून.

चर्चची भिंत. बेकरी, बॉम्बने काचा उडू नयेत म्हणून त्यांवर कागदी पट्ट्यांच्या फुल्या. गल्लीच्या नावाची पाटी नाही. जर्मन उतरलेच तर त्यांना वाट सापडू नये म्हणून गावातल्या सगळ्या पाट्या काढून टाकलेल्या. मग हिल्डा प्रॉसरचं घर. वरच्या खिडकीत गव्हाळ रंगाचा एक ठिपका.

ठिपका.

म्हणजे सिरिल, हिल्डाचा मुलगा. रजा संपली तरी तो पलटणीत परत गेला नव्हता. वरच्या खोलीत लपून राहत होता. गल्लीच्या लेखी तो लिबियात लढत होता. सापडला तर तुरुंग. मिस पेल फुटपाथवर स्टूल टाकून चित्र काढत होत्या, तेव्हा तो वारा खायला खिडकीशी आला, इतकंच. चित्र ग्रंथालयात लागणार होतं.

ओलं असताना.

"ते वरचं तोंड पुसा, बाई."

"तोंड? मला वाटलं मांजर आहे."

"मग मांजर पुसा."

"जलरंग पुसला की डाग राहतो. त्यापेक्षा झाकते. काळा पडदा घालू खिडकीला?"

"घाला." हिल्डाला हायसं वाटलं. विमानांना उजेड दिसू नये म्हणून रोज संध्याकाळी अख्खा गाव तसलेच पडदे लावत होता. त्यात वेगळं काय दिसणार?

वाळल्यावर.

चित्रातल्या सावल्या आखूड होत्या. भर दुपार. आणि भर दुपारी पडदा ओढलेलं घर म्हणजे मयत झालेलं घर, हे त्या गल्लीत कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

ग्रंथालयात समोरच्या घरातल्या डॉर्कसने हिल्डाचा दंड धरला. "तुझ्या वरच्या खोलीला दिवसाढवळ्या पडदा? कोण गेलं गं?"

बाकीच्या बायका वळल्या. कुणी आजारी आहे म्हणावं, तर कोण? घरात ती एकटीच राहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सिरिल?" डॉर्कसने हळूच विचारलं.

हिल्डाने होकारार्थी मान हलवली.

चौकटीबाहेर.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या प्रत्येक घराने पडदे ओढून घेतले. सिरिलने फटीतून पाहिलं. "आई, कोण गेलं?"

तिने सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, "म्हणजे लढाई संपल्यावरसुद्धा मी बाहेर पडायचं नाही?"

खाली दार वाजलं. डॉर्कस बटाटा भरून भाजलेला पाव घेऊन आली होती. थोडं रडून झाल्यावर म्हणाली, "एवढ्यात विचारू नये, पण त्याचे बूट आहेत का गं? आमच्या ह्यांच्या बुटांचे तळ गेलेत, रेशनची कूपनं संपलीत. सिरिलची आठवण म्हणून जपून वापरतील."

"आहेत," हिल्डा म्हणाली आणि वर गेली.

सिरिल खाटेवर बसला होता. बूट पायातच होते.

"काढ."

त्याने पाय खाटेखाली ओढून घेतले.

"वर येऊ का गं मदतीला?" जिन्याखालून डॉर्कस म्हणाली.

"नको, मिळाले," हिल्डा म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.