हिरासिंग गुरुजींच्या तेरवीतली वही

भगवानरावांनी आयुष्यात दोन निवडणुका जिंकल्या होत्या, तीन सोयरिका मोडल्या होत्या आणि एकदा तर तहसीलदाराला उन्हात उभं ठेवलं होतं. अशा माणसाला त्या दिवशी टेबलावरची दोनशे पानी वही पाहून घाम फुटला.

वही हिरासिंग गुरुजींच्या तेरवीच्या मांडवात ठेवली होती. ज्यानं त्यानं गुरुजींची एक आठवण तिच्यात लिहायची, असं ठरलं होतं. वहीवर ‘आठवणी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, असं लोक म्हणत होते. भगवानरावांना ते लोकांवर विश्वास टाकूनच मान्य करावं लागलं. कारण शाळा व्यवस्थापन समितीचे नऊ वर्षं अध्यक्ष राहिलेल्या भगवानरावांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सही येत होती. ती इतकी गिचमिड होती की माणूस डॉक्टर असावा असं वाटे.

हिरासिंग गुरुजी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि बंजाऱ्यांच्या तांड्याच्या तोंडाशी त्यांनी किराणा दुकान टाकलं. नोकरी संपली, मास्तरकी संपली नाही. दुकानाचा नियम एकच होता: तोंडी माल मिळणार नाही. काय पाहिजे ते चिठ्ठीवर लिहा. येत नसेल तर गुरुजी हात धरून गिरवून घेत आणि मग मीठ देत. ज्याला घाई असेल त्यानं अळणी खावं. खुद्द बसंतीबाईंना, म्हणजे गुरुजींच्या कारभारणीला, घरच्याच दुकानातून मीठ मिळवायला सव्वा महिना लागला. तांड्यानं आधी शिव्या दिल्या, मग पेन्सिली घेतल्या. पेन्सिलीही तिथंच मिळत. त्याही लिहूनच मागाव्या लागत.

भगवानराव मात्र तंबाखूच्या पुडीसाठी आठ किलोमीटरवर कळंबला जात. लोक म्हणत, मोठा माणूस, त्याले आपल्या इथचा माल कुठून चालते!

एकदाच गुरुजींनी त्यांना रस्त्यात गाठलं होतं. म्हणाले, “भगवान, दुपारच्याले ये ना कधी दुकानात. दुपारी कोणी नसते.” बस, एवढंच. भगवानराव “येतो ना गुरुजी” म्हणाले आणि त्या दिवसापासून दुपारी त्या रस्त्यानं जाणंच त्यांनी सोडलं.

आज मात्र पळायला वाट नव्हती.

“पहिला मान अध्यक्षसाहेबांचा!” शाळेचे मुख्याध्यापक इंद्रजीत सर पेन पुढं करत म्हणाले.

“आधी म्हाताऱ्या माणसाईले लिहू द्या,” भगवानराव म्हणाले आणि सुखीबाईला पुढं केलं. सत्तरीची, दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणारी बाई. ती कुठं लिहिणार! आणि लिहिलं तरी संध्याकाळ होईल, असा त्यांचा हिशेब. सुखीबाईनं समास सोडून अर्धं पान भरलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

“चष्मा घरी राह्यला,” भगवानराव म्हणाले. या वाक्यानं त्यांना चाळीस वर्षं बँकेत, ठाण्यात आणि लग्नाच्या पत्रिकांपुढं साथ दिली होती. पण ग्रामपंचायतीचा शिपाई बबलू फार तत्पर. त्यानं मांडवात फिरून चार चष्मे गोळा करून आणले. भगवानरावांनी एकेक लावून पाहिला. चारही चष्म्यांतून कोरं पान सारखंच कोरं दिसत होतं.

“मंग मी सहीच करतो.”

“सही कायले, भाऊ?” सर म्हणाले. “दोन ओळी लिहा. तुमची आठवण पेपरात देऊन राह्यलो मी.”

मागं रांग चुळबुळायला लागली. भगवानरावांच्या कानात भुंगा शिरल्यासारखं झालं आणि त्या भुंग्यातच त्यांना आपला आवाज ऐकू आला, “मले लिहिता येत नाही.”

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

“कधीच आलं नाही. गुरुजीनं बलावलं होतं मले. मी गेलो नाही.”

आता हसतील. आता पद जाईल. आता सुना तोंडाला पदर लावतील. चाळीस वर्षं त्यांनी हा क्षण मनात पाहिला होता. त्यात इंद्रजीत सर मात्र कधी रडले नव्हते.

“पाहा!” सर डोळे पुसत म्हणाले. “याले म्हणतात नम्रता! अरे, गुरुजींपुढं आपण सारेच अडाणी!”

टाळ्या पडल्या. तेरवीत टाळ्या वाजवत नसतात, हे लोकांना वाजवून झाल्यावर आठवलं.

“अहो सर, खरंच येत नाही!”

“वा!” सर म्हणाले. दुसऱ्या टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या.

सरांना तर आता सुचायलाच लागलं. त्यांनी बबलूला पिटाळून ग्रामपंचायतीतून शाईचं पॅड मागवलं. आज अक्षर नको, सही नको, गुरुजींच्या चरणी सर्वांनी फक्त अंगठा वाहायचा! पहिला अर्थातच अध्यक्षांचा. मागून डी.एड. झालेल्यांनी लावला, पुसदहून आलेल्या बँकेच्या मॅनेजरनं लावला. ज्या माणसानं तांड्यातून अंगठा हद्दपार करायला उभा जन्म घातला, त्याच्या वहीत अर्ध्या तासात त्रेचाळीस अंगठे जमले. त्यात खरा एकच होता आणि तो ओळखू येत नव्हता.

म्हणजे भगवानराव सुटले होते. तरी ते टेबलापासून हलेनात. पंगत बसायला लागली, लोक हाका मारू लागले. आता उरलेला जन्म याच नम्रतेत काढावा लागणार होता.

तेवढ्यात बसंतीबाई आतून आल्या. सगळा तांडा त्यांना आईसारखं मानून ‘याडी’ म्हणायचा. त्यांनी वही पाहिली.

“हे काय व्हय?”

“प्रतीक आहे, याडी,” सर म्हणाले.

“प्रतीक घाल चुलीत.” मग त्या भगवानरावांकडं वळल्या. “भगवान, तू मघा बोलला ते आतपर्यंत आयकू आलं मले. खरं व्हय का?”

शाईचा अंगठा मुठीत लपवून भगवानरावांनी मान हलवली. “खरं व्हय, याडी.”

बसंतीबाईंनी दोन खुर्च्या ओढल्या, अंगठ्यांचं पान उलटलं आणि भगवानरावांच्या हातात पेन दिलं. त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

“याडी, मानसं जेवाची खोळंबली ना,” सर काकुळतीनं म्हणाले. “साहेबाईशिवाय पंगत कशी सुरू करू?”

“वाढा त्याईले,” बसंतीबाई मान वर न करता म्हणाल्या. “याले वेळ लागन.”