पाय पुढे

निरीक्षकांनी बूट काढले, मोजे काढले, टोपी चालकाच्या जागेवर ठेवली आणि ते गाडीत आडवे झाले.

"चलाइए, मास्टरसाहब."

श्रीनिवास मोघे क्षणभर उभेच राहिले. परिवहन कार्यालयाच्या मैदानात ट्रक आणि टेम्पो रांगेत पेंगत होते. फाल्गुनातली दुपार होती. कडुनिंबाची पिवळी पानं वारा नसतानाही गळत होती. मोघ्यांनी टोपी उचलली, कुठं ठेवावी ते न कळून मांडीवर घेतली आणि किल्ली फिरवली.

अॅम्बेसेडर पंधरा वर्षांची झाली होती. नोंदणीची मुदत संपली होती, आणि गाडीत केलेला बदलही कागदावर चढवून घ्यायचा होता. पुढच्या सीटचा डावा अर्धा भाग कापून तिथपासून मागच्या सीटपर्यंत फळ्यांचा बिछाना केला होता. दुर्गाघाटाखाली होड्या बांधणाऱ्या विष्णूनं तो बनवला होता. त्याला दुसरं काही करता येत नसल्यानं बिछान्याच्याही कडा वर उचलल्या गेल्या होत्या, आणि काचा बंद केल्या की गाडीत डांबराचा वास दरवळे.

मोघ्यांनी मैदानाला एक फेरी घातली.  निरीक्षकांचं डोकं पुढे, मोघ्यांच्या डाव्या कोपराजवळ होतं; पाय मागच्या काचेकडे. दुसऱ्या फेरीत ते हळूच म्हणाले,

"पेड़ पीछे जा रहे हैं."

"जी."

"अच्छा लगता है. नींद आ जाएगी."

तिसऱ्या फेरीत ते म्हणाले, "अब ब्रेक मारिए."

मोघ्यांनी ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली.

"अरे, ऐसे नहीं. समझिए, सामने बकरी आ गई."

मोघ्यांनी डोळे मिटून जोरात ब्रेक दाबला. निरीक्षकांचं डोकं डॅशबोर्डखालच्या लाकडावर आपटलं. उशी होती, तरी आवाज झाला. मांडीवरची टोपी खाली पडली.

"माफ कीजिए... लगी क्या?"

"लगनी ही थी," निरीक्षक उठून बसत, टाळू चोळत म्हणाले. "सिरहाना आगे क्यों रखा?"

"पत्नी के लिए है. पीठ की हड्डी... बैठ नहीं सकतीं."

"वह तो लिखा है. सिरहाना आगे क्यों?"

मोघ्यांनी पडलेली टोपी उचलली आणि तिच्यावरची धूळ रुमालानं पुसत राहिले. आडव्या माणसाला पाय पुढे करून घराबाहेर काढतात ते एकदाच, आणि काशीत ते रोज डोळ्यांसमोर असतं. गल्लीतून चौघांनी पद्माला उचलून मैदागिनपर्यंत, गाडी असे तिथवर, आणलं तेव्हाही ते स्वतः पुढे चालून सांगत होते, डोकं पुढे, डोकं पुढे. पण हे सरकारी माणसाला कसं सांगायचं?

निरीक्षकांनी मोजे चढवले.

"बनारस का आदमी हूँ, मास्टरसाहब. समझ रहा हूँ. लेकिन ब्रेक लगने पर जो आगे होगा, वही टकराएगा. पैर होंगे तो घुटने मुड़ जाएँगे. सिर कहाँ मुड़ेगा?"

मोघ्यांनी टोपी त्यांच्यापुढे धरली.

"पलटवा लीजिए. दो पट्टे लगवाइए. मंगल को लाइए, उसी दिन लिख दूँगा."

गाडी मैदागिनच्या लाकडाच्या वखारीत लावून मोघे पायी घरी निघाले. नेहमीची वाट सोडून ते मंगला गौरीच्या देवळावरून फिरून गेले. वाटेत एक खोटं तयार केलं: ब्रेक सैल आहेत, महिनाभर लागेल. जिना चढेपर्यंत ते त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

पद्मा खिडकीशी निजली होती. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसे आणि वर हातभर आकाश. छातीवर अलाहाबादचं पत्र होतं, ताईंचं. विद्युल्लताताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना घराचा उंबराही एकटीनं ओलांडता येत नव्हता. दोघी बहिणी तीन वर्षांत भेटल्या नव्हत्या. ताईंची दृष्टी अधू होत चालली होती. डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं होतं. प्रत्येक पत्रात अक्षरं ओळीवरून आणखी थोडी खाली घसरत.

"काय म्हणाले?" पद्मानं विचारलं.

"ब्रेक..." मोघे म्हणाले आणि तिच्या उशाशी ठेवलेली पुस्तकं सारखी करू लागले. ती सारखीच होती.

"ब्रेक काय?"

"ब्रेक चांगले आहेत."

"मग?"

त्यांनी वरचं पुस्तक खाली घातलं, खालचं वर ठेवलं.

"बिछाना फिरवा म्हणतात. पाय पुढे."

पद्मा त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मी नाही म्हणणार आहे," मोघे घाईनं म्हणाले. "अर्ज करीन. वरच्या साहेबांना भेटीन. आणखी जाड उशी लावली तर कदाचित..."

"किती दिवस लागतील?"

"महिना. दोन महिने. सांगता येत नाही."

"आणि फिरवला तर?"

"मंगळवारी."

गल्लीत कुणीतरी गाईला हाकललं. पद्मानं पत्राची घडी घातली.

"अहो, त्या दिवशी तुम्ही मला लहुराबीरपर्यंत फिरवून आणलंत ना?"

"हो. किती शांत झोपली होतीस."

"झोपले नव्हते. मळमळत होतं."

मोघ्यांचा हात पुस्तकावर थांबला.

"मागचं मागचंच दिसायचं सगळं. दुकान दिसेपर्यंत गेलेलं, झाड दिसेपर्यंत गेलेलं. आणि मान वळवली की तुमच्या नाकपुड्या. म्हणून डोळे मिटून घेतले."

"बोलली नाहीस."

"तुम्ही इतके खुशीत होतात. सारखे वाकून माझ्याकडे बघत होतात."

मोघे खिडकीपाशी गेले. हातभर आकाशात एक पतंग तुटून आडवा तिडवा चालला होता. तो भिंतीआड जाईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.

"फिरवला तर तू पाठीमागे जाशील," ते म्हणाले. "दिसणार नाहीस."

"मला रस्ता दिसेल. ताईला मी दिसेन तोवर पोचायचंय. मग ते डोकं पुढे असो नाहीतर पाय."

सोमवारी विष्णूनं फळ्या उकलून बिछाना फिरवला. "हम त पहिलहीं कहले रहलीं, मास्टरसाहब," तो म्हणाला. त्यानं पहिल्यांदा तसं काहीच सांगितलं नव्हतं. होडीच्या शिडाचं कापड दुमडून त्यानं दोन पट्टे शिवले. मंगळवारी निरीक्षक पुन्हा आडवे झाले, पुन्हा बकरी आली, आणि या वेळी नुसते त्यांचे गुडघे वर आले. त्यांनी झोपल्या झोपल्याच पेन मागितलं.

गुरुवारी उजाडताच मोघे पद्माला घेऊन अलाहाबादला निघाले. मोहनसराय गेलं तसं शहर विरत गेलं. धुकं शेतांवर गुडघाभर उंचीचं होतं आणि त्यातून मोहरीची पिवळी टोकं वर आलेली. मोघ्यांच्या कोपराशी आता पद्माची पावलं होती. त्यांनी मधला आरसा थोडा थोडा करत खाली वळवला. तिचा चेहरा दिसला. डोळे उघडे होते.

"माझ्याकडे काय बघताय?" चेहरा म्हणाला. "समोर बघा."

त्यांनी आरसा पुन्हा सरळ केला.

औराईच्या अलीकडे समोरून एक जीप आली. टपावर बांबूंना बांधलेलं काहीतरी लांबट होतं, झेंडूच्या माळांनी झाकलेलं. खाली माणसं दाटीवाटीनं बसली होती, झोपेत डुलत. टपावरच्याचे पाय पुढे, काशीकडे. मोघ्यांनी वेग कमी केला. त्यांचा एक हात आपोआप कपाळाकडे गेला. जीप शेजारून गेली, आणि धूप आणि डिझेलचा वास गाडीत आला.

 मोघ्यांनी आरशाला हात लावला, पण वळवला नाही. गाडी जवळजवळ थांबली होती. पुढे उसाचा एक ट्रॅक्टर हळूहळू चालला होता आणि त्याच्या मागे जाणं बरं असं त्यांना वाटलं.

"ते तिकडे निघालेत," पद्मा म्हणाली.

"हो."

"आपण इकडे."

मग पुन्हा तीच, "अहो, मोकळा आहे रस्ता. पलीकडे कुणी नाही. किती वेळ त्या उसाच्या मागे?"

श्रीनिवासरावांना कुणाच्याही पुढे गाडी काढायला नेहमीच संकोच वाटे. त्यांनी हॉर्नवर हात नुसता ठेवला.

पद्माचे हात पट्ट्याखाली होते. तिनं उजव्या पायाचा अंगठा उचलला आणि ट्रॅक्टरच्या बाजूची मोकळी जागा दाखवली.