सवतीचा टाक

सुंदररावांनी घसा साफ केला, कागद उजेडाकडे धरला आणि हडळीला उंबऱ्यात आणून उभं केलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ओसरीवर त्यांची बायको गीताबाई सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती आणि फोलपटं अंगणात उडत होती.

भुताची गोष्ट भर दुपारी वाचून बघायची, ही सुंदररावांची पद्धत. अंधारात मांजर आडवं गेलं तरी माणूस दचकतो, त्यात लिहिणाऱ्याचं कर्तृत्व ते काय, असं ते म्हणत. लख्ख उन्हात बायकोच्या हातातलं सूप थांबलं, की गोष्ट जमली. मग ती घाटनांदूरहून पुण्याच्या मासिकाकडे रवाना व्हायची. निजामाच्या कचेरीत उर्दूतून अर्ज लिहिणारा हा जमीनदार मराठीतून भुतं लिहितो, याचं गावाला मोठं नवल होतं आणि सुंदररावांना त्याहून मोठं.

त्यांचा स्वतःचा भुतांवर काडीइतकाही विश्वास नव्हता. विश्वास ठेवणाऱ्याचा हात कापतो, आणि कापऱ्या हाताने दुसऱ्याला भिववता येत नाही, हे त्यांचं मत. भूत आलंय हे आधी जनावरांना कळू द्यायचं, मग पोरांना, घरच्या कर्त्या पुरुषाला सगळ्यांत शेवटी. तोंड तर दाखवायचंच नाही. हे सगळं त्यांचं त्यांनी शोधून काढलेलं होतं, आणि खोटं कशाला सांगा, ते लिहीत चांगलं.

आजची गोष्ट तर त्यांना सगळ्यांत सरस वाटत होती. एकाची पहिली बायको मरते, दुसरी येते. पहिलीचा नवऱ्यावरचा जीव सुटत नाही. ती हडळ होऊन येते, दुसरीचं नवं लुगडं फाडते, उंबऱ्यापाशी उभी राहून नवऱ्याला हाक मारते. शेवटी नवरा मांत्रिक आणतो आणि तिला चिंचेच्या झाडाला खिळा ठोकून जखडून टाकतो.

खिळ्यापाशी त्यांनी आवाज चढवला. सूप थांबलं नाही. वाचन संपलं तशी गीताबाईनं डाळ टोपलीत ओतली आणि ही गोष्ट पुण्याला पाठवू नका, असं सांगितलं.

लग्न झाल्यापासून तिनं असं कधी सांगितलं नव्हतं. सुंदररावांनी चष्मा काढला.

"कावून? भ्या न्हाई वाटलं?"

"भ्या कशाचं? ती अशी न्हाई."

तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली चांदीचा एक लहानसा टाक होता. त्यावर बाईची आकृती कोरलेली होती. ती मुक्ताबाई, सुंदररावांची पहिली बायको, तापानं गेलेली. दुसरेपणाच्या बायकोनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, जेवताना पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा, नवं लुगडं आधी टाकाला लावायचं आणि मगच नेसायचं, अशी रीत होती. सुंदरराव या बायकी प्रकारांत लक्ष घालत नसत. गोष्ट लिहिताना मात्र ते त्यांच्या चांगलेच उपयोगी पडले होते.

त्यांनी बायकोची समजूत घातली. गोष्टीतली बाई म्हणजे मुक्ताबाई नव्हे, ती आपण रचलेली. पुण्याच्या वाचकाला घाटनांदूरची कोण मुक्ता ठाऊक आहे? दाराशी आलेल्या कासाराला बोलू द्यावं तसं गीताबाईनं त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, की मासिक छापून परत ह्याच गावात येतं आणि तुम्हीच ते चावडीवर वाचून दाखवता. ऐकलेलं पुरुष घरी जाऊन सांगतात. उद्या पाणवठ्यावर शेजारची चंद्रभागाबाई माझ्या गळ्याकडं बघणार आणि तिला तिथं हडळ दिसणार. बोलताना तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला.

"मी ह्या घरात आले तवा मला कोण बोलत हुतं? सासूबाई न्हाई. तुमी वावरात, न्हाई तर कागदात. मी हिच्यासंगं बोलले. दळताना, चुलीपाशी. आजबी बोलते. तिला खिळा मारू नका."

सुंदररावांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्यांच्यातला लिहिणारा त्यांच्याआधी जागा झाला. त्यांनी नकळत दौत पुढे ओढली.

"ती काय बोलती?"

"बायाबायांचं. ते लिहायचं न्हाई."

त्यांनी दौत मागे सारली. अंगणात कोंबडी फोलपटं उकरत होती. तिच्याकडे बघत त्यांनी, सहज विचारल्यासारखं, विचारलं,

"अन् माझं काय विचारती?"

गीताबाईनं टोपलीतल्या डाळीत हात फिरवला. ती खरोखरच आठवून बघत होती.

"तुमचा विषय निघत न्हाई," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोपली उचलून ती आत गेली आणि थोड्या वेळाने जातं सुरू झालं.

सुंदररावांनी कागद आणि दौत पुन्हा पुढे ओढली. मग त्यांनी लिहायचा टाक दौतीत बुडवला आणि खिळा खोडला. खिळा गेल्यावर मांत्रिकाला काही काम उरलं नाही, तोही गेला. फाटलेलं लुगडं गेलं. उंबऱ्यातली हाक खोडताना हात जरा अडखळला, कारण ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं. हाकच नाही म्हटल्यावर ओ देणारा नवरा कशाला, म्हणून त्याच्याही ओळी त्यांनी एकेक करून काढल्या.

दोन बाया उरल्या. एक दळत होती आणि दुसरी जात्याच्या पलीकडे बसली होती.

त्यांनी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात वाचली, नवरा काढल्यानं कुठे भोक पडलंय ते बुजवायला. पुन्हा एकदा वाचली. भोक कुठेच सापडलं नाही.