एस्थरबाईंची चादर

लीलावतीबाई नागपूरहून आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला आल्या त्या लेकीच्या बाळंतपणाला, डिंकाचे लाडू आणि दोन जुन्या सुती साड्या घेऊन. देवयानीचं सिझर झालं, मुलगी झाली, आणि मायलेकी चार दिवस हॉस्पिटलात. जावई वेदांतही तिकडेच. घरात बाई एकट्या, आणि रिकामं बसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही.

पहिल्याच दिवशी शेजारची डोरीन कापडी पिशवी घेऊन दारात. सत्तरी उलटलेली, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमधली. ती भराभरा काय बोलली ते बाईंच्या डोक्यावरून गेलं. 'बेबी' तेवढं कळलं. बाईंनी मान डोलावली, डोरीन 'ग्रँड, ग्रँड' म्हणाली, म्हणजे छान, छान, आणि बोलणं संपलं.

पिशवीत झबली, टोपडी, साबण. तळाशी पातळ कागदात गुंडाळलेली जुनी चादर, धुऊन धुऊन मऊसूत झालेली, कोपऱ्यात लाल दोऱ्याची दोन अक्षरं. बाई खूश! तान्ह्या बाळाला कोऱ्या कापडात घ्यायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण इथल्या बाईला ते ठाऊक असावं म्हणजे कौतुकच की. त्यांनी कात्री काढली. चादरीचे तुकडे केले, आत स्वतःची साडी घातली, आणि दोन दिवसांत गोधडी शिवून मोकळ्या. लाल अक्षरांचा कोपरा मात्र वरच्या बाजूला लावला. कुणाच्या तरी हातचं आहे, झाकायचं कशाला?

देवयानी घरी आली तशी डोरीनही आली. बाळ आत गोधडीत झोपलेलं, म्हणून चहा घेत बाहेरच बसली आणि पिशवीची गोष्ट सांगू लागली. देवयानी आईला मराठीत सांगत होती.

अडीचशे वर्षांपूर्वी या गावात एस्थर डॉबिन नावाची विधवा होती. मेथडिस्ट तेव्हा नवे. उघड्यावर उपदेश करायचे म्हणून लोक चिखल फेकायचे. एस्थरच्या अंगावरही पडला, पण ती हटली नाही. पहाटे चारला उठून प्रार्थना, मग बंदराकाठच्या गल्ल्यांतून आजाऱ्यांची घरं. एका जानेवारीत तिने पोत्यात गुंडाळलेलं तान्हं मूल पाहिलं, गारठून गेलेलं. त्याच आठवड्यात तिने स्वतःच्या चादरी फाडल्या, कपडे शिवले आणि सहा पिशव्या भरल्या. बाळंतिणीला पिशवी सहा आठवडे द्यायची, मग धुऊन परत घ्यायची, कारण पुढची बाई खोळंबलेली असते. कॅथलिक असो, बिनलग्नाची असो. त्यावरून चर्चमधले पुरुष चिडले, तर म्हणाली, "मुलाला थंडी काय लग्नाचा दाखला बघून वाजते?" अशी एक्केचाळीस वर्षं. गुडघे गेले तेव्हा खुर्चीत बसून शिवत राहिली. तिच्या चर्चने ही पिशवी आजवर चालू ठेवली.

"तिच्या हातची एकच चादर उरलीय," देवयानी सांगत होती, "ती पिशवीबरोबर घरोघर फिरते, पण वापरत कुणी नाही. कोपऱ्यात लाल..." आणि तिची नजर आईकडे गेली. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डोरीन गेल्यावर देवयानी कपाळ धरून बसली. "आई, काय करून ठेवलंस! मी सांगते, मशीनमध्ये फाटली म्हणून."

"मशीनचं नाव काहून घ्यायचं? मीच कापली न, मीच सांगीन."

बोलल्या ठणकावून, पण डोक्यात लेकीचा विचार होता. लेकीला इथेच दिवस काढायचे होते, अडीअडचणीला धावणारी ही एकच शेजारीण, आणि आपण तिच्या घरच्या देवालाच कात्री लावली!

गोधडी घेऊन त्या एकट्या डोरीनकडे गेल्या. "आय कट. सॉरी."

डोरीनने गोधडी मांडीवर घेतली. 'ग्रँड' काही म्हणाली नाही. लाल अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली आणि तिचे डोळे भरले. तिला वाईट वाटलं होतं, अगदी मनापासून. धरणीने पोटात घ्यावं असं बाईंना झालं.

शेवटी डोरीनने विचारलं, "बेबी स्लीप? इन धिस?"

"येस. फोर अवर."

"हंड्रेड इयर्स," डोरीन सावकाश म्हणाली, "नो बेबी." मग गोधडीची घडी घालून तिने बाईंच्या हातात परत दिली आणि सहा बोटं दाखवली. सहा आठवडे. नियम तो नियम.

सहाव्या आठवड्यात नातीला गोधडीशिवाय झोप येईना. बाईंचं परतीचं विमानही त्याच आठवड्यात.

"आई, ही ठेवून घेऊ ना," देवयानी म्हणाली. "तुझी साडी आहे आत. झबली देऊ परत. डोरीन काही बोलायची नाही."

"तिकडे पुढची खोळंबली असंन न."

पहिली नात, स्वतःचे टाके. बाईंचा जीव तुटत होता. तरी गोधडी धुतली, इस्त्री केली आणि पिशवीत घातली. तळाशी नाही, कागदातही नाही. सगळ्यांत वर.

पिशवी द्यायला डोरीनने त्यांना सोबत नेलं. दोन गल्ल्या पलीकडे एक परदेशी मुलगी, लढाईतून जीव वाचवून आलेली, दिवस भरत आलेले. डोरीनने तिला एस्थरची गोष्ट सांगितली. मुलीने लाल अक्षरं पाहिली, गोधडी जपून उचलली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला निघाली.

लीलावतीबाईंनी तिचा हात धरला.

"ठेवायची नाही, बाई," त्या सरळ मराठीत म्हणाल्या. "वापरायची."

आणि सहा बोटं दाखवली.