अधिकाच्या वाणातली रॅम

अनिमेषचे सासरे हेमचंद्रसर निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाआधी त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "काँप्युटर क्लास ठीक आहे, पण नोकरी कुठे करता?" अनिमेष तर नेवाशात एका खोलीत टेबलं मांडून बसला होता. म्हणूनच यंदाच्या अधिक महिन्यात जावयाला काय वाण हवं, असं सरांनी आपणहून विचारलं तेव्हा त्याला गहिवरून आलं. चांदीचं भांडं राहू द्या, तो म्हणाला, रॅम द्या. शंभरच्या वेगाची.

सर एसटीने पुण्याला गेले आणि रॅमची पुडी मांडीवर धरून परत आले.

जेवणाच्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे विजयाबाईंनी, ताटात तेहेतीस अनारसे रचून मधोमध रॅम ठेवली. "अगं बाई, सोन्याची किनार आहे की हिला!" म्हणत तिची साग्रसंगीत पूजा केली. अनिमेषचं तिकडे लक्षच नव्हतं. मेमरीचा वेग सहासष्टवरून शंभरवर नेऊन आपण तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर कसा पळवतो, हे तो सासऱ्यांना रंगवून सांगत होता.

"कंपनीला कळलं तर?" सरांनी आवाज खाली आणून विचारलं.

वाण त्याच दिवशी वापरात यायला हवं, हा विजयाबाईंचा हट्ट. तेव्हा पुरणाचे धोंडे रिचवून सगळी वरात भर उन्हात क्लासवर आली. अनिमेषने जुन्या रॅमशेजारी नवी बसवली, बटण दाबलं. विंडोज उघडतंय न उघडतंय तोच पडदा निळा झाला आणि यंत्र अडलं.

"निळा म्हणजे चांगलं का हो?" विजयाबाईंनी विचारलं.

"सेटिंग आहे, आई. होईल."

त्याने रॅमला दर वेळी दोन ठोक्यांऐवजी तीन ठोके थांबायला, म्हणजे जरा दमाने घ्यायला लावलं. निळा. मग नाइलाजाने वेग शंभरवरून सहासष्टवर आणला, म्हणजे ज्या पराक्रमाची फुशारकी मारली तोच गुंडाळून ठेवला. तरी निळा. नवी रॅम काढली की यंत्र सुतासारखं सरळ चाले. घातली की पुन्हा तेच. सर खुर्चीत ताठ बसून परीक्षेवर देखरेख करावी तसे बघत होते.

"मी फसलो का?" शेवटी त्यांनी विचारलं. चेहरा पार उतरला होता. "तसं असेल तर उद्याच पुण्याला जातो."

लग्नाला वर्ष झाल्यावर सासऱ्यांनी अनिमेषच्या धंद्याला मान दिला होता, आणि आता ती रॅम खराब आहे हे त्यानेच सांगायचं! त्याने ती उपसून हातात घेतली आणि अंगठा पिवळा झाला. जिथून वीज जायची त्या सोन्याच्या किनारीवर हळद, फटींत कुंकू, वर निरांजनातलं थोडं तूप.

हसू त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण समोर सासूबाई पदराचं टोक चाळवत उभ्या होत्या. खरं कळलं असतं तर बाईंनी वर्षभर स्वतःला बोल लावून घेतला असता.

"आप्पा, तुमचा खोडरबर द्या जरा." तो सरांना म्हणाला. त्यांच्या खिशात तो अजूनही असेच. "माझ्या क्लासमधली धूळ बसलीये."

"शिक्षकाने टेबल स्वच्छ ठेवावं," सरांनी खोडरबर देता देता सुनावलं.

अनिमेषने पाठमोरा होऊन किनार घासली, खोबण पुसली आणि वेग पुन्हा शंभरवर चढवला. विंडोज उघडलं आणि उघडंच राहिलं.

"साडेचारशे?"

"साडेचारशे, आप्पा!"

सर उठले आणि लेकीकडे, ईराकडे वळून म्हणाले, "नोकरी कसली विचारत होतो मी! हा चार जणांना नोकरीला लावेल." अनिमेषला कुठे बघावं कळेना.

विजयाबाईंनी डोळे पुसले आणि पिशवीतून करंडा काढला. "थांबा, आता यंत्रालाही हळदकुंकू लावते."

अनिमेष उडी मारूनच आडवा आला आणि त्याने मान झुकवली. "आई, आधी मला!"

त्या त्याला टिळा लावेपर्यंत ईराने यंत्राच्या डब्याचं झाकण बसवून स्क्रू आवळलेही होते. लालपिवळा खोडरबर तिच्या मुठीत होता.

"अहो," ती त्याच्या कानाशी पुटपुटली, "पुढचा अधिक तीन वर्षांनी. तेव्हा मात्र चांदीचं भांडंच मागा."