दुधीनं बिडी कधी ओढली?

"निघालं! निघालं बघा डांबर!"

खोडाळ्याच्या बाजारात मासळीवाल्यांच्या पलीकडं ही झुंबड उडाली होती. मधोमध पाटावर पोशेऱ्याचा बळवंत उघड्या छातीनं बसलेला. छातीतलं बिडीचं डांबर ओढून काढतो म्हणणाऱ्या धूरखेच महाराजांनी त्याच्या छातीला पिवळट फडकं लावलं, कमंडलूतलं पाणी शिंपडलं, "फुप्फुस फुप्फुस, धूर फुस्स!" असा काहीतरी मंत्र हाणला आणि फडकं बघता बघता काळंकुट्ट झालं. बायाबापड्यांनी हात जोडले.

बळवंत मात्र खोकतच होता. ही त्याची पाचवी बैठक. वीस वर्षं ओढलेली बिडी त्यानं चार महिन्यांपूर्वी एका झटक्यात सोडली, पण खोकला काही सुटेना. मोखाड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बिडी सोडलीत, हेच मोठं औषध झालं. छाती हळूहळू आपली आपण सुधारते, तिला बाहेरून कुणी धुऊन देत नाही. पण इतके दिवस खोकला बरा नाही. थुंकी तपासायला द्या." आणि हातात एक डबी दिली होती.

डबीचं ऐकताच महाराजांनी डोळे वटारले. "थुंकी दवाखान्यात गेली की मंत्र फुटला! आणि सात बैठकांच्या आत उठलास, तर सुटलेलं डांबर गळ्यात येऊन बसेल. मग मला बोल लावायचा नाही!"

झालं! गडी अडकला. डबी घरी कुडाच्या फटीत पडून राहिली. त्यात त्याची काळी फडकी महाराजांनी दोरीवर टांगून ठेवली, साऱ्या बाजाराला पुरावा म्हणून. लोक विचारायचे, "कसं वाटतंय?" हा म्हणायचा, "हलकं." कसलं डोंबलाचं हलकं! पोशेऱ्याची चढण चढताना तीनदा बसायचा. पण चारचौघांत बोललेला शब्द गिळायचा कसा? त्याच्या शब्दावर गावातला लाडक्या महाराजांच्या पाटावर बसला, ढवळू बसला. खरं सांगावं तर लाज जाते, उठून जावं तर डांबर गळ्यात येतं. घरी छोट्या लेकीशेजारी, प्रांजलशेजारी झोपून तो रात्रभर खोकायचा.

महाराज जोशात आले की गर्दीवरही पाणी उडवायचे. आज चार शिंतोडे हौशीच्या पाटीत पडले. हौशी ही बळवंतची बायको, फोडून वाळवलेला हिरडा विकायला शेजारीच बसलेली. शिंतोडे पडले तिथं हिरडा काळा पडला.

"प्रांजलचा बा!" ती ओरडली. "लोखंडी कोयत्यानं ओला हिरडा फोडला की माझी बोटं कशी होतात?"

"काळी."

"मंग ह्या पाण्यात लोखंडाचंच कायतरी हाय!"

महाराज "दूर हो बाई, देवाचं फडकं आहे ते!" म्हणेपर्यंत तिनं एक कोरं फडकं उचलून जिभेला लावलंसुद्धा. तुरट! हिरड्याच्याच पाण्यात भिजवून वाळवलेलं. मग तिनं पुतळी भाजीवालीच्या ढिगातला एक दुधी घेतला, त्याला फडकं गुंडाळलं आणि वरून कमंडलू उपडा केला. फडकं काळंकुट्ट!

"काय वो महाराज, दुधी कवापासून बिडी ओढाय लागला?"

बाजार खदखदा हसला. महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "दुधीला काय विचारता? ह्या बळवंतला विचारा! सांग रे, हलकं वाटतं की नाही?"

सगळ्या माना वळल्या. बळवंतनं गळा चाचपला. गळ्यात डांबर नव्हतं, नुसती भीती होती.

"नाय वाटत," तो म्हणाला. "कधीच नाय वाटलं. लाजंपायी खोटं बोललो. लाडक्या, ढवळू, माझ्यामुळं फसलात रे!" आणि उठून त्यानं दोरीवरची आपली फडकी ओढून काढली.

ढवळूनं महाराजांची झोळी झटकली. त्यातून हिरवट खडे पडले. हिराकस! लोखंडाचाच क्षार. तो पाण्यात विरघळवला आणि हिरड्याला लागला की काळी शाई होते. आपले पणजोबा अशाच शाईनं लिहायचे, पण त्यांनी कधी तिची आरती केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी मोखाड्याला गेली. तपासणीत क्षय निघाला. डॉक्टरीणबाईंनी प्रांजलचीही तपासणी केली. पोर बचावली होती. "आणखी उशीर केला असतात, तर हिलाही लागला असता," त्या म्हणाल्या. बळवंत तिथंच ढसाढसा रडला. सहा महिने त्यानं एकही गोळी चुकवली नाही, आणि आता चढण न बसता चढतो.

तेव्हा बाबांनो, बिडी सोडा, ते आपल्याच हातात आहे. पुढचं छातीला तिच्या वेळेनं करू द्या. खोकला राहिला तर दवाखाना गाठा. आणि कुणी काळं फडकं दाखवलं, तर हात जोडण्याआधी एकदा दुधीला लावून बघा.