पहिल्या आगीचा शब्द

माझा भाचा काफ्वेकु याचं पत्र मे महिन्यात, आमच्याकडचा पावसाळा नुकताच संपल्यावर आलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. “मामा, गवत अजून ओलसर आहे. मधमाश्यांची पोळी असलेल्या झाडांखालचं आत्ताच जाळून टाकू का?” आम्हा लुंडा जमातीच्या लोकांमध्ये थोरल्या मामाच्या शब्दाशिवाय वर्षाची पहिली आग लावत नाहीत. वारा फिरला तर, या धास्तीने मी इथे शहरात हवामानाची पुस्तकंच चाळत राहिलो.

आज, ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत, टपालाच्या बसचा चालक कापेंदा आमच्या गावाकडून आला. “काका, काफ्वेकु अजून तुमची वाट बघतोय. गवत पार वाळलं, पण पठ्ठ्या काडी ओढत नाही.”

बायको म्हणाली, “एका ‘हो’ला एवढे दिवस? आपलं लग्न कसं ठरलं कोण जाणे!”

“आता ‘हो’ म्हणताच येत नाही गं. मेमधली आग गवत खाऊन विझते. आत्ताची शेंड्यापर्यंत चढेल, सगळं रान नेईल.”

मी लिहिलं, “आग लावू नकोस. उशीर माझा झाला. झाडांभोवतीचं गवत खरवडून माती उघडी कर, शेजाऱ्यांनाही सांग.” हे पुरेल का, मला ठाऊक नव्हतं. तरी पाकीट चिकटवून मी ते कापेंदाच्या टपालाच्या थैलीत टाकलं.